लांब काडतूस

॥ श्री ॥

मलकापूर, ता. कराड
१९ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वजित यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून आशीर्वाद. ‘अनेक उत्तम’ हे दोन शब्द या खेपेला मुद्दाम गाळलेत, चुकून राहिले असं समजू नकोस.

तुझा कृष्णात सकाळी चहाच्या वेळेला गाडी घेऊन आला. साडी पोचली. काजूकतलीचा डबा पोचला. डब्यावर तुझा हात जोडलेला फोटो आहे, तोही पोचला. मिठाईवर स्वतःचं तोंड चिकटवणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. निरोपही पोचला. तो कृष्णातनं दारात उभं राहून, चपला न काढता, पाठ केलेल्या कवितेसारखा म्हणून दाखवला. दाजींनी कागदावर सही करायची. तुझ्या लेकीनं, शिवांजलीनं, तयार होऊन गाडीत बसायचं. आणि आक्कानं भाऊबीजेला ओवाळायला यायचंच यायचं, कारण फोटोवाला सांगून ठेवलाय.

फोनवर काही बोलू नको म्हणालास, रेकॉर्ड होतं म्हणून. बरं केलंस. लिहिताना तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझे दाजी घरी नाहीत. शिवांजलीही नाही. दोघं बाहेर गेलेत. मी कृष्णातला म्हटलं, बस बाबा, तोवर भाऊला चार ओळी लिहिते, उत्तर घेऊनच जा. त्याच्यापुढं चकल्यांचं ताट ठेवलंय. काल धनत्रयोदशी झाली, फराळ ताजा आहे. तू त्याला जेवायला घालत नाहीस का रे? पहिलं ताट केव्हाच संपलं.

तुझा कागद वाचला. वकिलानं टाईप मात्र छान केलाय. ‘गेल्या महिन्यात सातारा स्टँडवर गर्दीत माझी पिशवी चोरीस गेली, तीत माझे परवान्याचे रिव्हॉल्व्हर होते.’ वाचून मला हसूच आलं. सुभेदार माणूस रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, स्टँडवर हिंडतो होय? हे लिहिणाऱ्या वकिलाला तू दाजी दाखवले नाहीस वाटतं.

दाजींना तू ओळखतोस. पेन्शनीत आल्यावर बँकेच्या कॅशगाडीवर नोकरी धरली, त्यासाठी लायसन काढलं, ते बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. नोकरी सुटली तरी ते आठवड्याला पुसून, तेल लावून कपाटात. निवडणूक लागली की तालुक्यात सगळ्यात आधी ठाण्यात जमा करणार आणि पावती माझ्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवणार. मी कितीदा चिडवलंय, ‘अहो, त्याला एकदा फिरायला तरी न्या.’ तर म्हणायचे, ‘त्याचं काम कपाटात पडून राहायचं हाय. ते बाहेर काढायची पाळी आली म्हंजी माझं काम चुकलं.’ असा माणूस.

त्या माणसाला तू खंडेनवमीच्या नावानं गंडवलंस.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर काय काय मांडतात ते तुला ठाऊक. विळा, खुरपं, कोयता, माझी शिवणाची मोठी कात्री आणि मधोमध दाजींचं रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू, झेंडूची फुलं. घट बसायच्या आत तू आलास. कधी नव्हे ते दाजींच्या पायावर डोकं ठेवलंस. ‘दाजी, पूजेला शस्त्र कसं चकाचक पायजे. माझा एमआयडीसीत माणूस हाय, निकेल करून आणतो. नवमीच्या आदल्या दिवशी पाटावर हजर.’ मी आतून डोळ्यांनी खुणावत होते, नको म्हणून. दाजींनी बघितलंही. पण बायकोच्या भावाला नाही म्हणायचं, आणि तेही देवाच्या कामाला, हे त्यांना जमलं नाही. सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस मेहुण्यापुढं पडला. त्यांची चूक एवढीच, आणि ती ते कुणावर ढकलत नाहीत. तुझ्यासारखे नाहीत ते.

नवमी आली, रिव्हॉल्व्हर नाही. दाजींनी फोन केला तर तू म्हणालास, ‘निकेल अजून वाळतंय.’ वाळतंय! ते काय पापड आहे? त्या दिवशी दाजींनी पाटावर मधोमध रिकामं चामड्याचं कव्हर ठेवलं, त्यालाच हळदकुंकू वाहिलं आणि न जेवता उठले.

संध्याकाळी तुझा व्हिडिओ आला. खाली बँडचा आवाज, वर तुझं ते घोगरं केलेलं बोलणं. भाषणासाठी घसा खाली उतरवतोस ना, तसलं. ‘दाजी, तुमच्या खेळण्याचा आपण मॅग्नम केला. बघा, लांब काडतूस कसं जातंय.’ आणि तुझ्या त्या अंगठ्यांच्या बोटांनी पितळेचं लांबोडं काडतूस चक्रात सरकवलेलं.

मला काय कळणार? मला वाटलं, चकाकतंय तर छान. दाजींकडे बघितलं, तर तोंडावरचं रक्तच उतरलेलं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, ‘सुला, ह्यानं चक्रातली काडतुसाची घरं खोल करून घेतली.’

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मी तुला सांगते. तू विचारणार नाहीस, पण ऐक. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत काही लोकांना जास्त जोराचं काडतूस हवं झालं. मोटारीच्या पत्र्यातून आरपार जाईल असं. त्यांनी दारू वाढवली, जोर वाढवला, नाव ठेवलं मॅग्नम. पुढं बत्तीसमध्येही तसलं निघालं. पण ती माणसं अक्कल गहाण ठेवून बसली नव्हती. त्यांच्या ध्यानात आलं, की गोळीची जाडी तीच आहे, उद्या कुणीतरी हे जोराचं काडतूस साध्या, जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालणार आणि ते हातात फुटणार. म्हणून त्यांनी काय केलं? काडतूस मुद्दाम लांब केलं. साध्याच्या चक्रात ते पुरतं बसूच नये, थोडं बाहेर राहावं आणि चक्र फिरूच नये, एवढ्यासाठी.

म्हणजे बघ विश्वजित, तू जन्मायच्या कितीतरी आधी, सातासमुद्रापार बसलेल्या माणसांनी तुझ्यासारख्याचा विचार करून ठेवला होता. जगात कुठंतरी एक विश्वजितभाऊ निघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त तो चक्रच लेथवर चढवील, एवढं त्यांच्या स्वप्नात आलं नाही. एवढा मोठा माणूस त्यांना बिचाऱ्यांना कसा सुचणार?

आत्ता कृष्णात आत डोकावून गेला. ‘आक्का, झालं का वं लिवून? भाऊंचा फोन येतुया.’ मी म्हटलं, भाऊंना सांग, आक्का लय दिवसांनी लिहितीय, हात दुखतोय. आणि करंज्या वाढल्या. बसलाय.

दाजी त्या रात्री तुला फोनवर फोन करत होते. तू उचलला नाहीस. उचलणार कसा, तुझा शस्त्रपूजनाचा सोहळा होता ना! चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर वाघ, वाघाशेजारी तू. वाघाचं तोंड त्यातल्या त्यात शहाणं दिसत होतं. लहानपणी लवंगी फटाका वाजला की शेणी रचलेल्या हुडव्याआड लपून कानात बोटं घालायचास. दिवाळीभर तुझ्या वाटणीच्या फुलबाज्या मी लावायची आणि तू लांबून ‘आक्का, माझी संपली का?’ म्हणून विचारायचास. त्याच्या शेजारी वाघ!

दसऱ्याला सकाळी तरी उचलशील म्हणून पुन्हा केला. नाही उचललास. मग दाजींनी तो व्हिडिओ शिवांजलीला पाठवला. पोर कॉलेजातून सणाला घरी, तुझ्याकडे आलेली. खाली लिहिलं, ‘बाळा, पप्पांना सांग, हे अजिबात उडवायचं न्हाई. हातात फुटंल. मी निघालोय.’ आणि दुपारच्या एस.टी.नं खरंच निघाले. मिरजेत गाडी बदलायची म्हणून खोळंबले. नाहीतर कदाचित वेळेवर पोचले असते.

पुढचं मी लिहायचं टाळत होते. दोनदा पेन खाली ठेवलं. पण तू गावभर जे सांगत फिरतोयस ते ऐकल्यावर न लिहून चालणार नाही.

तू सगळ्यांना सांगितलंस, गच्चीवर उभा होतो, खालून अंधारातून कुणीतरी गोळी झाडली, माझ्या अंगठ्याला चाटून गेली आणि माझ्या लेकीच्या डोळ्याला लागली. मग टीव्हीवाल्यांपुढं बँडेज केलेला हात वर धरून उभा राहिलास. ‘भाऊंवर प्राणघातक हल्ला!’ लगेच नवा फ्लेक्स. अंगठ्याला टाके पडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि आळ कुणावर घेतलास? जिनपाल अण्णांवर. बाजार समितीला ते तुझ्या विरोधात उभे म्हणून. अरे, आळ घ्यायचा तर माणूस तरी बघून घे! दिव्यावर किडे येतात, ताटात पडून मरतील, म्हणून जो सूर्य मावळल्यावर घास तोंडात घालत नाही, तो म्हणे अंधारात बंदूक घेऊन तुझ्या गच्चीखाली उभा होता. बेदाण्याच्या शेडमध्ये मुंग्या झाल्या तरी पिठाची चिमूट टाकून त्यांना बाजूला नेणारा माणूस. आईच्या आजारपणात त्यांच्याच जीपमधून तिला मिरजेला नेलं, तेव्हा तू कुठं होतास? मंडळाच्या वर्गणीला. तुझ्या तक्रारीवरून ते म्हातारे अण्णा दसऱ्यापासून आत आहेत. त्यांच्या घरातून सुरेखावहिनींचा फोन आला होता. त्या मला काहीच बोलल्या नाहीत रे. एवढंच विचारलं, ‘शिवांजलीचा डोळा कसाय?’ मला फोन धरवेना.

तर शिवांजलीचा डोळा. बाप म्हणून तूही एकदा विचारायला हवं होतंस, म्हणून सांगते. डाव्या डोळ्यानं तिला खिडकीत उजेड आहे एवढं कळतं. खिडकी कळत नाही. डॉक्टर म्हणतात, याच्यापुढं सुधारणा नाही. सकाळी चहा कपात ओतायला जाते तो बशीत पडतो. मी फडकं घेऊन पुढं झाले की म्हणते, ‘आत्या, राहू द्या, मला शिकायचंय.’ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोर चहा ओतायला शिकतीय.

तिनंच मला सांगितलं, दवाखान्यातून इथं आल्यावर. अंकितानं तिला तुझ्या नकळत एस.टी.त बसवून दिलं, तेव्हा. बायकोनं तुझ्यापासून लेक पळवली, यावरूनच काय ते समज. पहिले दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दाजी तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होते. म्हणाले, ‘पोरी, मी तुला मेसेज केला नसता तर तू गच्चीवर गेली नसतीस.’ तेव्हा ती बोलली.

हातात सोनं घेऊन वर आली होती, आपट्याची पानं, तुझ्या पाया पडायला. तुझी चार टाळकी भोवती. तू रिव्हॉल्व्हर वर धरलेलं. ती ओरडली, ‘पप्पा, थांबा! मलकापूरचे मामा म्हणत्यात, ते फुटणार हाय!’ आणि तू तिच्याकडं बघून हसलास. हसलास! म्हणालास, ‘फौजी पेन्शनीत गेला की असाच भित्रा हुतो, बघ तू.’

आणि चाप ओढलास.

तुला सांगितलं होतं. हे मला सारखं आठवतं. अजाण होतास, नशीब फुटलं, असं म्हणून तुझ्यासाठी रडायलाही मला जागा ठेवली नाहीस. पोटच्या पोरीनं तोंडावर सांगितलं आणि तू टाळक्यांपुढं मोठेपणा केलास. त्यातलं पोलाद उडून तिच्या डोळ्यात गेलं. ती पानांवर पडली. आणि तू पहिलं काय विचारलंस, तेही तिला आठवतं. ‘व्हिडिओ चालू होता का रे कुणाचा?’

थू! लिहायला नको, पण लिहिते. थू तुझ्यावर.

आणि आता तू तिला शिकवतोस, की अंधारात पळणारा माणूस तिनं पाहिला, पांढरा सदरा, अण्णांच्या अंगकाठीचा. ज्या पोरीला तुझ्यामुळं दिसत नाही, तिनं न दिसलेला माणूस ओळखायचा! आणि वरून गाडी पाठवतोस, तयार होऊन बस म्हणून.

‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलास तू तो व्हिडिओ, दाजींच्या फोनवरून गेला. हुशार. पण त्यांनी शिवांजलीला पाठवलेला तिच्या फोनवर तसाच आहे. वर तारीख, खाली दाजींचा मेसेज. मोबाईलमधलं तुला जेवढं कळतं, तेवढंच रिव्हॉल्व्हरमधलं.

कृष्णात परत आला होता. या खेपेला झालं का विचारलं नाही. उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, ‘आक्का, ताईसाहेबांच्या डोळ्याला खरंच काय दिसत न्हाई व्हय?’ मी म्हटलं, नाही. हातातला चकलीचा तुकडा त्यानं ताटात परत ठेवला. मग म्हणाला, ‘ते फुटल्यालं म्याच टाकलं वं. भाऊंनी सांगितलं म्हणून. द्राक्षबागंतल्या हिरीत.’ आणि पोरासारखा रडायला लागला. मी त्याला म्हटलं, जेवढं मला सांगितलंस तेवढंच विचारतील तिथं सांग. तर मान हलवली. तुझा ड्रायव्हर आहे, पण त्याच्या आईनं त्याला माणूस म्हणून वाढवलंय.

आता दाजी कुठं गेलेत ते सांगते. तुला वाटत असेल, दवाखान्यात.

पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं दोघं कवठे महांकाळला गेलेत. तुझी गाडी इकडं येताना त्यांची एस.टी. तुझ्या गाडीच्या कुठंतरी समोरून गेली असणार. तुझा माणूस इथं चकल्या खात बसलाय तोवर तुझ्या गावात ते ठाण्यात बसलेत. मी त्याला इतका वेळ का बसवून ठेवलं, ते आता ध्यानात आलं असेल. तू शिवांजलीला न्यायला येणार, हे मला ठाऊकच होतं. तू दुसऱ्याच्या घरी नेहमी सणाच्याच तोंडावर येतोस.

निघताना मी दाजींचा कोट काढला, मेडल लावायला घेतली. इतकी वर्षं प्रत्येक झेंडावंदनाला मीच लावते. त्यांनी माझा हात धरला. ‘नको सुला. लायसनचं हत्यार दुसऱ्याच्या हातात दिलं, हा गुन्हा हाय. आज मी गुन्हेगार म्हणून चाललोय. मेडल घालून गुन्हा सांगायचा नसतो.’ मग साधा सदरा घातला. मी दारात उभी राहिले आणि मला रडू आवरेना. आयुष्यभर ज्याच्या नावावर एक शाईचा डाग नाही, तो माणूस या वयात केस अंगावर घ्यायला निघालेला, तुझ्यामुळं. लायसन जाईल, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, लोक काय काय बोलतील. आणि ते शिवांजलीला म्हणतात, ‘उंबरा सांभाळ, डावीकडं हाय.’

शिवांजलीनं गॉगल घातला नाही. तू पाठवलेला, महागातला. म्हणाली, ‘आत्या, सायबांना डोळा बघू दे की.’

थांब, फोन वाजतोय.

दाजींचाच होता. बोलणं तुटक, त्यांची सवयच आहे. ‘झालं. माझं झालं, पोरीचं झालं. पोरीनं एक शब्द फिरवला न्हाई. व्हिडिओ घेतला. मला बसवून ठेवलंय, काळजी करू नको. तिला सुरेखावहिनी घेऊन गेल्यात जेवायला.’ मी विहिरीचं सांगितलं. मग म्हणाले, ‘बरं झालं कळलं. तसलं पाण्यात पडू द्यायचं नसतं, गंजतं.’ बघ, अजूनही त्यांना त्याच्या तेलाची काळजी.

अण्णांना कधी सोडतील ते मला माहीत नाही. सोडतील. आणि ते बाहेर आले की मी स्वतः जाणार आहे, दिवस असताना, त्यांच्या ताटावर बसायला.

साडी कृष्णातबरोबर परत पाठवते, घडी मोडलेली नाही. काजूकतलीचा डबाही. भाऊबीजेला मी ताट करणार आहे, निरांजन लावणार आहे. पाटावर तू नसशील. पाटावर शिवांजली बसेल. ओवाळताना ताट तिच्या उजव्या बाजूनं धरीन, म्हणजे तिला ज्योत दिसेल.

तुझ्या दाराशी पोलीस हे पत्र पोचायच्या आधी येतील की नंतर, ते मला सांगता येत नाही. आधी आले तर त्यांच्यापुढं घोगरा आवाज काढू नकोस. तो तुला शोभत नाही.

आता कृष्णातला हाक मारते.

शिवांजलीची आत्या,
सुला